ज्याच्यासाठी कार्यक्रम, तोच घरी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 600 मुलांची शाळा, मुलं सहा ते सोळा वयाची. दरवर्षी एक 'समावेशन दिन' होतो. त्यात भिंतींवर घोषवाक्यं, मैदानात डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं आणि दुपारी सभागृहात कार्यक्रम. यंदा मुख्याध्यापकांनी दिवसाचा आठवडा करायला सांगितलंय, काम तुमच्या गळ्यात पडलंय, हातात तीन आठवडे आहेत आणि तुम्हाला चार चांगल्या थीम हव्या आहेत. शेवटच्या ओळीत मात्र तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमच्या वर्गातला स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा गेल्या वर्षी नेमका त्याच दिवशी घरी राहिला. थीमचं नंतर बघू. मला तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत दिसतो.

मी 23 वर्षं शिकवतेय, त्यातली शेवटची 11 वर्षं समावेशक शिक्षणाची समन्वयक म्हणून. अख्ख्या शाळेचे असे आठवडे नऊ वेळा केले. त्यातले तीन धड झाले असं आज म्हणेन. त्यामुळे पुढचं बरंचसं उरलेल्या सहांमधून शिकलेलं आहे. शाळा केवढी, हाताशी मोठी माणसं किती, वरच्या वर्गांचं वेळापत्रक किती हलवता येतं, यावर खूप काही ठरतं, आणि ते तुम्हालाच ठाऊक. एक गोष्ट मात्र आधी तपासा: शाळेत सध्या कुणाला पद्धतशीर त्रास दिला जातोय का? असेल, तर आधी तो थांबवा. आठवडा हे त्याचं औषध नाही. त्रास देणारा आणि सोसणारा यांना एकाच गटात बसवून 'मिळून राहा' म्हटलं, तर त्या त्रासावर आपणच शिक्का मारल्यासारखं होतं.

आता माझा पहिला प्रयत्न ऐका. थीम होती 'आपण सारे वेगळे'. चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी गाणार होती. व्यासपीठाला उतार नाही हे ऐन वेळी लक्षात आलं. मग चार शिक्षकांनी तिला खुर्चीसकट उचललं. उचलताना खुर्ची एका अंगाला कलली. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. हे मी अगदी जवळून पाहिलं, कारण त्या चौघांत मी होते. गाणं छान झालं. टाळ्या मात्र तिनं सूर लावायच्या आधीच पडून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वाचनालय होतं तिथेच, पहिल्या मजल्यावर होतं, आणि ती पूर्वीसारखीच मैत्रिणीकरवी पुस्तकं मागवत राहिली.

त्या दिवशी आम्ही वेगळेपणाचं भरपूर कौतुक केलं आणि जिन्याचा विचारही केला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा आहे. त्यातलं 24वं कलम शिक्षणाचं. त्या कलमाचा अर्थ उलगडताना कराराच्या समितीनं 2016 मध्ये वगळणं, वेगळं ठेवणं, एकात्मीकरण आणि समावेशन अशा चार गोष्टी नीट वेगळ्या केल्या. आहे त्या व्यवस्थेत मुलानं स्वतःला बसवून घ्यायचं, हे एकात्मीकरण. मुलासाठी व्यवस्थेनं बदलायचं, हे समावेशन. या फरकावरून मी स्वतःसाठी एक नियम केला: आठवडा संपल्यावर शाळेच्या रोजच्या कारभारातली निदान एक गोष्ट बदललेली असली पाहिजे. एकही बदलली नसेल, तर झालं ते फक्त गॅदरिंग.

तुमच्या डोळ्यांवरच्या पट्टीबद्दल स्पष्टच सांगते: बंद करा. हेतू चांगला असतो, मीही हे केलंय. पण दहा मिनिटं पट्टी बांधलेल्या मुलाला आंधळेपण कळत नाही, त्याला कळतो तो अचानक दिसेनासं झाल्याचा गोंधळ. पांढरी काठी वापरायची सवय, कानांनी खोलीचा अंदाज घेणं, पायऱ्या लक्षात ठेवणं, यातलं काहीच त्याच्याकडे नसतं. म्हणून तो 'बिचारे!' एवढंच घेऊन घरी जातो. 2017 मध्ये मिशेल नारिओ-रेडमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असंच दिसलं. अशा नकली अनुभवानंतर लोकांना जास्त असहाय्य आणि ओशाळल्यासारखं वाटलं, पण दिव्यांग व्यक्तींशी प्रत्यक्ष वागण्याबोलण्याबद्दलची त्यांची वृत्ती काही सुधारली नाही. शिवाय ज्या मुलाला खरंच दिसत नाही, त्यानं त्या वेळी काय करायचं? सगळी शाळा त्याच्यासारखं होण्याचा खेळ खेळत हसत असते आणि तो बाजूला उभा.

मग थीम कोणती? माझं ठाम मत असं की अख्ख्या शाळेच्या आठवड्याचा विषय माणसांचं वेगळेपण हा ठेवू नये. विषय कामाचा ठेवावा: आवाज, पाणी, वाटा, सावली, वेळ, दुरुस्ती. अट एवढीच की ते काम एकट्यादुकट्याच्यानं होणारं नसावं आणि त्यातून शाळेला खरोखर काही मिळावं. वेगळेपण आपोआप कामाला येतं, त्याला वर काढून दाखवावं लागत नाही. दिव्यांगत्वाबद्दल, भाषांबद्दल, घरांबद्दल बोलायचंच नाही असं मी म्हणत नाही. ते वर्गात बोला, वर्षभर बोला, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी विचारून बोला. 600 जणांसमोर, ध्वनिक्षेपकावरून नको.

यामागे माझं एकटीचं मत नाही. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं 1954 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकराएक वर्षांच्या 22 मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट पाडले, सामने लावले, आणि बघता बघता मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली. मग त्यांना नुसतं एकत्र आणून पाहिलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. तर त्यानं भांडणं मिटली नाहीत, जेवणाच्या टेबलावर फेकाफेकी झाली. कटुता ओसरली ती कामांमुळे. पाणी बंद पडलं तेव्हा सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला, अडकलेला ट्रक दोन्ही गटांनी दोराने ओढला. मुलांना न सांगता असा प्रयोग करणं आज कुणी खपवून घेणार नाही, आणि अडचणी मोठ्यांनीच मुद्दाम घडवल्या होत्या, त्यामुळे त्यावर टीकाही पुष्कळ झाली. तरी एकत्र जेवण आणि एकत्र ट्रक ओढणं यांतला तो फरक माझ्या डोक्यातून जात नाही. आपले बहुतेक 'एकता दिन' हे एकत्र जेवणच असतं.

त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडलं की दोन गटांच्या भेटीगाठींतून पूर्वग्रह कमी व्हायचे तर चार गोष्टींची जोड हवी: त्या प्रसंगापुरता बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, स्पर्धेऐवजी सहकार्य आणि वरच्यांचा उघड पाठिंबा. पुढे 2006 मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र तपासले. भेटीगाठींनी पूर्वग्रह एकूणात कमी होतात, या चार गोष्टी असतील तर जास्त होतात, पण त्या नसतील तर काहीच होत नाही असंही नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे चारही जमल्या नाहीत तर हातपाय गाळू नका. पण 'बरोबरीचा दर्जा' तेवढा सोडू नका. एका मुलानं मदत करायची आणि दुसऱ्यानं कायम ती घ्यायची, अशी जोडी लावली की दर्जा तिथेच ठरून जातो.

आता जमलेल्या तीनांपैकी एका आठवड्याबद्दल जरा खोलात सांगते. थीम होती 'आपल्या शाळेचा आवाज'. 480 मुलं, 15 जणांचे 32 गट, प्रत्येक गटात सगळ्या वयाची मुलं. काम: शाळेत कुठे, केव्हा, किती आवाज होतो याचा नकाशा करायचा आणि शेवटी मुख्याध्यापकांना तीन बदल सुचवायचे. मुख्याध्यापकांनी सोमवारी सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं की त्यातला किमान एक ते महिन्याच्या आत करतील. वरच्यांचा पाठिंबा म्हणतात तो हा. नारळ फोडून भाषण करणं वेगळं आणि हे वेगळं.

गटात चार भूमिका होत्या: मोजणारे, लिहिणारे, नकाशा काढणारे आणि लोकांना विचारून येणारे. प्रत्येकाकडे माहितीचा एकच तुकडा. ही युक्ती मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची. 1971 मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये गोऱ्या, काळ्या आणि लॅटिनो मुलांना पहिल्यांदाच एकत्र बसवलं तेव्हा वर्गांत तणाव होता. अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून एकेका मुलाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. आमच्या गटांतही तेच झालं. सहा वर्षांच्या पोरांना आम्ही शोभेला घेतलंय असं मोठ्यांना पहिल्या दिवशी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी एका चिमुरडीनं सांगितलं की हात वाळवायच्या यंत्राच्या भीतीनं ती शाळेच्या स्वच्छतागृहात जातच नाही. मोठ्यांनी आवाज मोजायचा मीटर तिच्या कानाच्या उंचीला धरला आणि आकडा आपल्या उंचीवरच्यापेक्षा बराच वर गेला. नंतर मला कळलं की कॅनडातल्या एका शाळकरी मुलीनं नेमकं हेच मोजलं होतं आणि 2019 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिचा शोधनिबंध बालवैद्यकाच्या नियतकालिकात छापून आला होता. पुढच्या वेळी हे आधी सांगेन. मुलांना फार आवडेल.

त्याच गटात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. परिपाठाला कानांवर हात ठेवून उभा राहायचा म्हणून सगळी शाळा त्याला ओळखत होती. त्यानं मीटर घ्यायला नकार दिला. म्हणाला, सगळ्यात वाईट जागा सभागृह नाही, जिन्याची खालची पायरी, घंटेनंतर पाऊण मिनिटानं. का? तर दोन्ही मजले तिथे एकाच वेळी उतरतात. गट घड्याळ लावून उभा राहिला. मीटरवर 88. त्याच दिवशी शांत वाचनाच्या तासाला वर्गात 52 आला होता. फोनमधले मीटर काटेकोर नसतात, पण दोन जागांची तुलना करायला चालतात. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज, हे समजावताना गणिताच्या बाईंचा एक तास सत्कारणी लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 मध्ये तास चालू असताना वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी 35 ही मर्यादा सुचवली होती, हे कळल्यावर वरच्या वर्गातली मुलं चांगलीच तापली.

घंटा बदलली. कर्कश घंटेच्या जागी मऊ स्वर आला आणि दोन मजले दोन मिनिटांच्या अंतरानं सुटू लागले. याचा फायदा त्या मुलाला झालाच. श्रवणयंत्र लावणाऱ्या एका मुलीलाही झाला, कारण ते यंत्र गोंगाटही वाढवूनच ऐकवतं. आमच्या घशांनाही झाला. संपूर्ण आठवड्यात 'स्वमग्न' हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही, आणि तो मुलगा पाचही दिवस शाळेत होता.

पाचही दिवस तो आला यामागे थीमपेक्षा तयारीचा वाटा मोठा होता. स्वमग्न मुलांना त्रास होतो तो मोडलेल्या वेळापत्रकाचा, कलकलाटाचा आणि 'सरप्राइज'चा. विशेष कार्यक्रम म्हणजे हे तिन्ही एकदम. म्हणून आम्ही रोजची पहिली तासिका नेहमीसारखीच ठेवली. आठवडाभर गट, खोली आणि बसायची जागा एकच. आठ दिवस आधी प्रत्येक मुलाच्या हातात चित्रांचं वेळापत्रक, खोलीच्या आणि गटातल्या मोठ्या माणसाच्या फोटोसकट. ज्यांना गरज होती त्यांच्यासाठी, 'काय होईल, कोण असेल, मला नको वाटलं तर मी काय करू शकतो' अशा साध्या वाक्यांची छोटी गोष्ट लिहिली. कॅरोल ग्रे यांनी 1991 पासून रुजवलेल्या सामाजिक कथांची ही पद्धत. शिवाय एक शांत खोली होती, दार उघडं, कारण न सांगता कुणीही जाऊन बसावं. 'कुणीही' महत्त्वाचं. ती ठरावीक मुलांची खोली झाली की तिथे जाणं म्हणजेच शिक्का. आमच्याकडे तिथे सगळ्यात जास्त कोण बसलं माहितेय? दहावीच्या वर्गातल्या, परीक्षेच्या धास्तीनं थकलेल्या मुली.

गटांबद्दल थोडं व्यवहाराचं. 32 गटांना 32 मोठी माणसं लागली, शिक्षक होते 24. उरलेले आठ ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळेतले सहायक, शिपाई असे. एका खोलीत दोन गट, म्हणजे मुलांबरोबर एकटं कुणीच नाही. हे सुरक्षेसाठी आवश्यकच आहे आणि नव्या माणसांना धीरही येतो. एक चूक झाली: सख्खी भावंडं एकाच गटात टाकली. दिव्यांग भावाची बहीण आठवडाभर त्याची मदतनीस झाली. तिला तिचा आठवडा मिळालाच नाही. गट पाडताना भावंडं वेगळी ठेवा, आणि प्रत्येक मुलाला त्याच्या ओळखीचा एक तरी चेहरा गटात असू द्या.

आठवड्यासाठी खास पोशाख ठेवावा का, असंही तुम्ही विचारलंय. नकोच. खर्च, धावपळ, आणि ज्या घरात ते जमत नाही तिथलं मूल त्या दिवशी पोटदुखीचं कारण काढतं. घरून काहीही आणायला सांगू नका. लागेल ते सगळं शाळेत ठेवा.

इथवरचं थोडक्यात: विषय कामाचा, गट सगळ्या वयांचे, प्रत्येकाकडे असा तुकडा ज्याच्याशिवाय बाकीच्यांचं अडेल, वेळापत्रक आधी हातात, आणि शेवटी शाळेत एक खरा बदल. आता तुम्हाला छळणार तो समारोप.

मुख्याध्यापकांना समारोप हवा असतो, पालकांना फोटो. मी त्यात आडवी पडत नाही, पण व्यासपीठ टाळते. आम्ही वर्गावर्गांत नकाशे मांडले आणि पालकांनी फिरत फिरत बघितले. मुलं आपापल्या नकाशाजवळ. ज्याला बोलायचं नव्हतं, त्यानं मीटर दाखवला. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या तीन पायऱ्यांवर मुलं वापरली जातात, शोभेला ठेवली जातात किंवा नावापुरती घेतली जातात. या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. माझ्या त्या पहिल्या कार्यक्रमातली गाणारी मुलगी दुसऱ्या पायरीवर होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं की तुला व्यासपीठावर जायचंय का, आणि जायचंय तर कसं.

यश कसं मोजायचं? फोटोंवरून तर नाहीच. आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाचा हजेरीपट काढा आणि आधीच्या महिन्याशी ताडून बघा. नेहमी येणारं कोण या दिवसांत गैरहजर होतं? त्या चार-सहा नावांत तुमच्या आठवड्याचा निकाल असतो. दुसरं, तीन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला वही घेऊन उभ्या राहा आणि एकटी मुलं मोजा. हे आठवड्याआधीही एकदा मोजून ठेवा, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. 'तुला कुणाशेजारी बसायला आवडणार नाही' असले प्रश्न लेखी विचारायच्या फंदात पडू नका. कागद फुटतात, आणि मुलं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

माझा एक अंदाज साफ चुकला, तोही सांगते. मला वाटलं होतं, वेगवेगळ्या वयांची मैत्री टिकेल. बहुतेक ठिकाणी नाही टिकली. टिकली ती ओळख. मोठी मुलं लहानांना नावानं हाक मारू लागली आणि जिन्यावर धक्के कमी झाले. गट तसेच ठेवून दर सत्रात एक दिवस पुन्हा बसवले तेव्हा तीही थोडी मुरली. तुम्हाला एकच आठवडा मिळणार असेल, तर मी म्हणेन तीनच दिवस घ्या आणि उरलेले दोन पुढच्या सत्रांसाठी मागून ठेवा.

तीन आठवड्यांत माझ्यासारखे पंधरा-पंधरा जणांचे, म्हणजे तुमच्या 600 मुलांचे 40 गट पाडायला जाऊ नका. दमाल, आणि शेवटच्या दोन दिवसांत परत घोषवाक्यांवर याल. दोन इयत्तांच्या जोड्या लावा, विषय एक घ्या, आणि मुख्याध्यापकांकडून त्या एका बदलाचं वचन आत्ताच, लेखी घ्या. मात्र हे सगळं आखायच्या आधी या सोमवारी त्या मुलाबरोबर वीस मिनिटं बसा. आईबाबांना आधी कळवा. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक त्याच्यासमोर ठेवा, हातात पेन्सिल द्या, आणि जे नको होतं त्यावर काट मारायला सांगा. बोलायचा आग्रह करू नका. काट मारलेला कागद घेऊन या, मग थीमचं बोलू.